संच क्रमांक ४४१७ची निवृत्ती

संध्याकाळचे सहा वाजून बावन्न मिनिटं झाली आणि ओढेकरांच्या हॉलमधल्या पाटीवर रोजचा हुकूम उमटला : 'संच क्र. ४४१७, वर या.'

कौस्तुभराव ओढेकरांनी चहाचा कप खाली ठेवला, घसा साफ केला आणि बायकोकडे जमेल तितक्या खुनशीपणे बघितलं.

"ह्याला चहा म्हणतात?"

"का रे? साखर कमी पडली?" केतकीने विचारलं.

"नाही, साखर बरोबर आहे." कौस्तुभराव अडखळले. "आलंही बेताचं आहे. पण गाळणं... गाळणं जुनं झालंय."

"ते तूच आणलंयस." केतकीने आवाज चढवायचा अगदी मनापासून प्रयत्न केला, पण तो मधेच फुटला आणि ती ओढणी तोंडावर धरून हसायला लागली. मग कौस्तुभरावांनाही आवरेना. पाटीवरचा आकडा अडतीस होता, तो एकोणचाळीस झाला आणि तिथेच बसला. दोन मिनिटांनी पाटी लाल झाली : 'क्षमता दडपली. नोटीस दुसरी.'

इसवी सन २०७४ मध्ये नाशिकच्या एका बहात्तर वर्षांच्या माणसाला बायकोशी भांडता येत नाही, ही काही घरगुती गोष्ट राहिली नव्हती. तो सरळसरळ कायदेभंग होता.

याचं मूळ ऊबबंडीत होतं. माणूस नुसता बसला तरी त्याच्या अंगातून एखाद्या जुन्या पिवळ्या दिव्याइतकी उष्णता बाहेर पडत असते. काही धातूंची एक बाजू गरम आणि दुसरी गार ठेवली की त्यांच्यातून वीज वाहते, हे शास्त्रज्ञांना अडीचशे वर्षांपासून ठाऊक होतं. तीस वर्षांपूर्वी कुणीतरी त्या धातूंचा धागा काढला, धाग्याचं कापड विणलं आणि कापडाची बंडी शिवली. आतून अंगाची ऊब, बाहेरून हवेचा गारवा, मधे वीज. ज्याला घरात विजेची जोडणी हवी त्याने बंडी घालायची, असा नियम झाला. बंडीतली वीज घराच्या तारांमधून सरकारी तारांमध्ये जायची. आंघोळीला जाताना काढली तर पाटी विचारायची, किती वेळ?

खरी गंमत पुढे झाली. संध्याकाळी सातच्या सुमाराला सगळं राज्य एकदम दिवे, शेगड्या आणि गाड्यांचे चार्जर लावतं. ती वेळ निभवायला पूर्वी नैसर्गिक वायूवर चालणारे वीजनिर्मितीचे संच असायचे. बटण दाबलं की दोन मिनिटांत सुरू, काम झालं की बंद. कोळशाला ते जमायचं नाही आणि सूर्य तर तोवर घरी गेलेला असायचा. पुढे वायू संपत आला, संच मोडीत निघाले, आणि संध्याकाळचे दोन-तीन तास लोंबकळत राहिले. तेव्हा भारकेंद्रात, म्हणजे राज्यात कुणी किती वीज बनवायची हे ज्या खोलीतून ठरतं तिथे, एका हुशार अधिकाऱ्याच्या लक्षात आलं की काही घरांमधली बंडी संध्याकाळी अचानक दुपटीने तापते. चौकशी केली. त्या घरांत नवरा-बायको भांडत होते.

राज्यात ऐंशी लाख जोडपी. भांडणाने प्रत्येकी पन्नास वॅट जादा. चारशे मेगावॅट. वायूवरचा एक आख्खा प्रकल्प, आणि धूर फक्त घरातल्या घरात.

मग भांडणांची प्रतवारी झाली. नव्वद सेकंदांत पेटणारं जोडपं म्हणजे 'ताप-राखीव'. अबोला धरणारं म्हणजे 'शीत-राखीव', कारण अबोल्यात माणूस आतून धुमसतो खरा, पण कातडी गारच राहते. ओढेकर जोडपं अकरा वर्षं ताप-राखीव, वर्ग अ. 'वर या', म्हणजे वीज वाढवा, हा हुकूम आल्यापासून सरासरी एक्क्याऐंशी सेकंदांत नव्वद वॅट. त्याचं प्रशस्तिपत्र पाटीशेजारी टांगलेलं होतं आणि पाहुणे आले की कौस्तुभराव ते तिरकं झाल्याचं निमित्त करून सरळ करायचे.

या यशामागे एक स्कूटर होती. लग्नानंतरच्या तिसऱ्या वर्षी केतकीची माहेरून आणलेली निळी स्कूटर कौस्तुभरावांनी तिला न विचारता आपल्या आतेभावाला देऊन टाकली होती. कुठेय म्हणून तिने विचारलं तेव्हा "काही नाही, गॅरेजमध्ये आहे" म्हणाले. पुढची चाळीस वर्षं कुठल्याही विषयावरून निघालेलं भांडण तिसऱ्या वाक्याला त्या स्कूटरवर बसायचं आणि सुसाट सुटायचं.

पण यंदाच्या आषाढात काहीतरी झालं. भर दुपारी, बाहेर वारा घोंघावत असताना, दोघं हॉलमधल्या पंख्याखाली एकाच सतरंजीवर पडले होते. रेडिओवर जुनं गाणं लागलं, कॉलेजच्या दिवसांतलं. दुपार इतकी निवांत होती, की कौस्तुभरावांना कळायच्या आत त्यांच्या तोंडून निघून गेलं, "केतकी, स्कूटरचं माझं चुकलं." ती त्यांच्याकडे कुशीवर वळली. मग म्हणाली, "एवढंच हवं होतं रे."

झालं. इंधन संपलं. पावसाळाभर कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण तेव्हा वारा आणि धरणं पुरतात आणि भारकेंद्र कुणाला उठवत नाही. थंडी पडली, हुकूम सुरू झाले आणि ओढेकर उघडे पडले. केतकीने एवढंच सांगितलं होतं, की जी काही वर्षं उरलीत ती मला अशीच हवीत, बाकी तुझं तू बघ. आणि तिसरी नोटीस आली की पूरक संच घरात राहायला पाठवायची कायद्यात सोय होती. पूरक संच म्हणून भारकेंद्राने धुळ्याच्या स्नेहलताईंचं नाव काढलं होतं. त्या कौस्तुभरावांच्या थोरल्या बहीण. त्यांनी बॅग भरायला घेतल्याचंही कळलं होतं.

सोसायटीतल्या लोकांनी आपल्या परीने मदत केली. तळमजल्यावरच्या काकू रोज साडेसहाला डोकावून विचारायच्या, "काय हो, तुमच्या त्या निळ्या स्कूटरचं पुढे काय झालं?" ओढेकरांचा आकडा पडला की सोसायटीची लिफ्ट हळू व्हायची ना.

तेव्हा कौस्तुभरावांनी निवृत्तीचा अर्ज केला आणि तपासणीला शर्वाणी मोहोळकर आली. ही भारकेंद्रातली शास्त्रज्ञ, पस्तिशीची, बोलायला मोकळी. तिने दोघांच्या बंड्या उलट्यासुलट्या करून बघितल्या आणि सांगितलं, "काका, बंड्या ठणठणीत आहेत. बिघाड तुमच्यात आहे."

कौस्तुभरावांनी विचारलं की भांडणच कशाला, आम्ही जागच्या जागी उड्या मारतो. शर्वाणीने समजावलं की उड्या मारल्या की घाम येतो, कापड ओलं होतं, दोन्ही बाजू सारख्याच गार होतात आणि वीज थांबते. राग मात्र पहिली पाच मिनिटं कोरडा असतो.

"आणि प्रेम?" केतकीने स्वयंपाकघरातून विचारलं.

"तेही मोजलं मावशी. तापतं चांगलं. पण सांगितल्यावर दोन मिनिटांत येत नाही."

"मग आम्हाला सोडा की," कौस्तुभराव म्हणाले.

"मी कोण सोडणारी? कलम चव्वेचाळीस ख आहे ना. सुस्थितीतला संच आयोगाच्या परवानगीशिवाय बंद ठेवता येत नाही." तिने बंडीची घडी घातली. "ऑफिसात त्याला आम्ही ओढेकर कलम म्हणतो."

कौस्तुभराव खिडकीबाहेर बघायला लागले.

त्याचं असं होतं, की कौस्तुभराव नोकरीत असताना मीटर तपासायचे, पण त्यांचा खरा पेशा हरकती घेणं हा होता. वीज आणि वायूच्या बाजारावर लक्ष ठेवायला जो आयोग नेमलेला असतो, तो कुठलाही नियम करण्याआधी लोकांना बोलावून त्यांचं म्हणणं ऐकतो. याला जनसुनावणी म्हणतात. जन सहसा येत नाहीत. कौस्तुभराव एकशे अठरा सुनावण्यांना हजर होते. कापडी पिशवीत फायली, पहिल्या रांगेतली डावीकडची खुर्ची, पाच मिनिटांची घंटा वाजली की "शेवटचा मुद्दा" म्हणून पुढचे तीन मुद्दे. सव्वीस वर्षांपूर्वी वायूच्या कंपन्या ऐन संध्याकाळी 'दुरुस्ती चालू आहे' म्हणून धडधाकट संच बंद ठेवायच्या, म्हणजे विजेची टंचाई व्हायची आणि भाव चढायचे. कौस्तुभरावांनी उभं राहून आयोगाला असं काही धारेवर धरलं, की चव्वेचाळीस ख लिहिलं गेलं. 'तारांमध्ये वीज सोडणारा कोणीही' त्यात आला. त्यापुढे 'कितीही लहान असला तरी' हे शब्दही त्यांनीच घालायला लावले होते. लहान मासे सुटायला नकोत म्हणून.

सुनावणी शुक्रवारी दुपारी होती. एकशे एकोणिसावी. कौस्तुभराव सवयीने पहिल्या रांगेत डावीकडे बसले. शिपायाने सांगितलं, साहेब, आज तुम्ही पलीकडे, अर्जदाराच्या खुर्चीवर. ती खुर्ची त्यांना भलतीच बुटकी वाटली.

त्यांनी मुद्देसूद बोलायला सुरुवात केली. माणूस म्हणजे संच नव्हे. संचाला मन नसतं. संसार हा बाजार नाही. अध्यक्षबाईंनी सगळं शांतपणे ऐकलं, एक पिवळट फाईल उघडली आणि म्हणाल्या की या मुद्द्यावर आयोगासमोर पूर्वी एका जागरूक नागरिकाने फार उत्तम म्हणणं मांडलेलं आहे, ते वाचून दाखवते.

"'संच ठणठणीत आहे आणि म्हणे विसावा घेतोय. लोकांनी अंधारात बसायचं आणि ह्यांनी विसावायचं? एकदा तारेला जोडला गेला की तो संच त्याच्या मालकाचा राहत नाही, तो जनतेचा होतो. त्याला विसाव्याचा हक्कच नाही.'" त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "टाळ्या पडल्याचीही नोंद आहे."

कौस्तुभरावांनी आयुष्यात पहिल्यांदा घंटा वाजायच्या आधी बोलणं संपवलं.

पण कायदा त्यांना पाठ होता. त्यांनी दुसरी वाट काढली : आम्ही क्षमता दडपत नाही, आमच्यात क्षमताच उरलेली नाही. सिद्ध करायला तयार आहोत. आयोगाने चिथावणी-चाचणीचा आदेश दिला. सभागृहाच्या मधोमध दोन खुर्च्या मांडल्या, पंधरा मिनिटांचं घड्याळ लावलं, आणि एका वरिष्ठ लिपिकाने ओढेकरांच्या संसारातले दुखरे मुद्दे एकामागून एक वाचायला घेतले. सासूबाईंचं ऑपरेशन आणि तेव्हा कोण कुठे होतं. महाबळेश्वरला विसरलेली औषधांची पिशवी. "काही नाही, गॅरेजमध्ये आहे."

केतकीने शांतपणे नवऱ्याची कॉलर नीट केली. आकडा अडतीस.

लिपिक बिचारा घामाघूम झाला. त्याने पदरचे दोन मुद्दे घातले. आयोगाच्या एका सदस्याने हरकत घेतली की तो वाचतो नीट नाही, सुरात जोर नाही. दुसरा सदस्य म्हणाला, तुम्हाला एवढं कळतं तर तुम्ही वाचा. पहिला म्हणाला, मागच्या आदेशाच्या वेळीही आपण असंच केलं होतंत. दुसऱ्याने तो आदेश काढला. अध्यक्षबाईंनी हातोडी आपटली, ती पहिल्याच्या बोटावर बसली. आयोगाच्या सदस्यांनाही बंड्या असतात. सभागृहातले दिवे लख्ख झाले, आणि बंद पडलेला एसी घरघरत सुरू झाला. त्या उजेडात ओढेकर दांपत्य एकमेकांचा हात धरून बसलेलं सगळ्यांना अगदी स्पष्ट दिसलं.

निवृत्ती मंजूर. आज मध्यरात्रीपासून अंमल.

केतकी आनंदाने पुढे निघून गेली, येताना जिलेबी घेऊन येते म्हणाली. कौस्तुभराव फायली पिशवीत भरत होते तेव्हा शर्वाणी आली. तिच्या हातात एक जिवंत कागद होता, म्हणजे ज्यावर भारकेंद्रातून आपोआप मजकूर उमटतो असा.

"अभिनंदन काका. ही तुमची हुकूमनोंद. अकरा वर्षांतला प्रत्येक हुकूम यात आहे. मध्यरात्रीपर्यंत भर पडत राहील, मग बंद होईल."

"मला कशाला?"

"कलम एकसष्ट. निवृत्त संचाला नोंदीची प्रत त्याच दिवशी, त्याच्या हातात द्यायची. हेही तुम्हीच मागितलं होतंत. कंपन्या म्हणायच्या ना, आम्हाला हुकूमच मिळाला नाही."

कौस्तुभरावांनी ऐटीत कागद उलगडला. तारीख, वेळ, हुकूम, निमित्त. हजारो ओळी आणि सगळीकडे 'वर या', निमित्ताचा रकाना रिकामा. भांडणं त्यांची स्वतःची होती तर. त्यांना उगाच अभिमान वाटला. मग जुलै महिन्यावर त्यांची नजर अडली. चौदा तारीख, दुपारी एक चाळीस. हुकूम : 'खाली या.' निमित्त : 'बेडरूमचा पंखा बंद. हॉलचा चालू. दाराची घंटा बंद. रेडिओ : गाणे, संच ४४१७च्या कॉलेजकाळातील.'

"हे काय आहे?"

शर्वाणीने त्या ओळीवर नजर टाकली. "काका, वीज कमी पडली तर दिवे जातात, तसं ती जास्त झाली तरी यंत्रणा कोलमडते. जेवढी लागते तेवढीच बनली पाहिजे, क्षणाक्षणाला. त्या दिवशी घाटावर वारा तुफान होता, पवनचक्क्या थांबेनात. मग सगळ्यांना खाली आणावं लागलं."

"पण पाटीवर हुकूम आला नव्हता."

"खाली यायचा हुकूम पाटीवर देतच नाही. आधी देऊन बघितला होता. 'शांत व्हा' असं सांगितलं की माणूस दुप्पट तापतो. म्हणून निमित्त द्यावं लागतं. घरातली यंत्रं आमच्या ताब्यात असतातच." ती जरा अवघडली. "त्या दुपारी राज्यात सोळा लाख जोडप्यांचा समेट झाला. बहुतेक सगळे संध्याकाळपर्यंत पूर्ववत झाले. तुमचा तेवढा टिकला. आमच्याकडे त्यावर अभ्यास चालू आहे."

कौस्तुभराव घरी आले तेव्हा सहा वाजून सत्तेचाळीस मिनिटं झाली होती. रस्ताभर त्यांनी विचार पक्का केला होता. सांगायचं नाही. पाच महिने सुखात गेलेत, मध्यरात्री बंड्या उतरणार, कागद फायलीत जाईल आणि फाईल माळ्यावर. एकशे एकोणीस सुनावण्या लढलेल्या माणसाला एक गोष्ट पोटात ठेवणं काय अवघड आहे? त्यांनी कागद घडी करून खिशात घातला, चेहरा सरळ केला आणि बेल दाबली.

केतकीने जिलेबीची बशी पुढे केली. तिचं लक्ष खिशाकडे गेलं.

"कसला कागद आहे रे?"

"काही नाही."

बशी जागच्या जागी थांबली.

"काय म्हणालास?"

"काही नाही गं, आयोगाचा..."

"चाळीस वर्षांनी पुन्हा 'काही नाही'? पुन्हा गॅरेजमध्ये आहे का?" तिचा आवाज या वेळी फुटला नाही. "सगळ्या सभागृहासमोर मी तुझा हात धरून बसले, आणि घरी येऊन तू खिशात लपवतोस?"

"मी तुझ्यासाठीच..."

"स्कूटरही माझ्यासाठीच दिली होतीस."

पाटीवर कुठलाच हुकूम नव्हता. आकडा मात्र पन्नास झाला, सत्तर झाला, नव्वदच्या पुढे गेला. खाली अडकलेली लिफ्ट झपकन वर आल्याचा आवाज झाला. कुणीतरी जिन्यातून "वा, ओढेकर" म्हटल्याचं ऐकू आलं. कौस्तुभरावांनी घड्याळाकडे बघितलं. सहा चोपन्न. त्यांच्या डोक्यात काहीतरी लखकन चमकलं. त्यांनी घाईघाईने कागद उघडला आणि तळाशी बघितलं. शाई अजून ओली वाटत होती.

'सहा एकावन्न. हुकूम : वर या. निमित्त : नोंदीची प्रत.'

केतकीने कागद त्यांच्या हातातून ओढून घेतला. शेवटची ओळ वाचली. मग ती वर वर जात राहिली, बोट लावून, आणि जुलैवर थांबली. तिने ती ओळ दोनदा वाचली. पाटीवरचा आकडा सावकाश उतरायला लागला.

"कौस्तुभ," ती अगदी हळू म्हणाली, "त्या दुपारी माफी तू मागितलीस, की त्यांनी?"

"मी."

"नक्की?"

कौस्तुभरावांनी पंख्याकडे बघितलं. तो चालू होता, आणि तो आपण लावला होता का हे त्यांना आठवेना.

केतकी सतरंजीवर येऊन बसली. ते शेजारी बसले. कागद दोघांच्या मधे उघडा होता, आणि आपल्याला आता काय वाटतंय ते कळावं म्हणून दोघंही त्याच्या तळाशी पुढची ओळ उमटायची वाट बघत राहिले.